दोन राजांचा रुपया

माझ्यापाशी जी काही नजर आहे ती जमनाफुईची आहे. फुई म्हणजे आत्या… पण आमच्या कोरीट गावात आत्या हा शब्द फक्त शाळेच्या पुस्तकात राहायचा. घरात होती ती फुई. डोळे मिटले की आजही मला ती नंदुरबारच्या मिरची पथारीवर दिसते. चहूकडे, नजर जाईल तिथवर, उन्हात पसरलेली लालभडक मिरची, तिच्यावर थरथरणारी झळ, हवेत तो नाकातून थेट मेंदूत शिरणारा खाट, म्हणजे मिरचीचा ठसका, आणि त्या लाल समुद्राच्या काठावर नाकाला पदर बांधून उकिडवी बसलेली ती किडकिडीत बाई. बोटं देठ खुडत राहायची आणि डोळे भलतंच काम करत असायचे. ढिगात एखादी मिरची जरा पांढरी पडलेली असली, देठाशी सुईच्या टोकाएवढा काळा डाग असला, तरी ती बोटांनी शोधायच्या आधी तिच्या डोळ्यांना सापडलेली असायची. बायका म्हणायच्या, “जमना, तुन्हा डोया शेत का भिंग शे?” ती नुसती हसायची. खाटानं तिचे डोळे कायम पाणावलेले असत, त्यामुळे ती हसते आहे की रडते आहे हे पटकन कळायचं नाही.

तिच्याकडे एक पत्र्याची डबी होती. झाकणावरचं फुलांचं चित्र घासून घासून गेलेलं, कडा गंजलेल्या, आत जुनी नाणी. तांब्याचे जाडजूड पैसे, भोकाचे पैसे, लाटांसारखी कड असलेला आणा, चौकोनी दोन आणे. कुणी शेतात नांगरताना सापडलं म्हणून आणून दिलेलं, कुणी भंगारात टाकायला काढलेलं, कुणी मूठभर मिरचीच्या बदल्यात दिलेलं. रविवारी दुपारी गाव उन्हानं मुकं झालं की ती ओसरीवर गोणपाट अंथरायची आणि त्यावर एकसारखी दिसणारी दहा-बारा नाणी मांडायची. डबी उघडताच तांब्याचा एक ओलसर, कडवट वास यायचा. तो वास म्हणजे माझ्या बालपणाचा वास.

“यामाना येगया कोनता, सांग.”

वेगळा कोणता ते शोधायचं. मी अधीरपणे हात पुढे केला की त्यावर चापट बसायची.

“हात नही रे. पयले डोया लाव. हात लबाड ऱ्हास.”

मग मी पोटावर आडवा होऊन, हनुवटी गोणपाटावर टेकवून बघत बसायचो. आधी सगळी नाणी सारखीच दिसत. मग हळूहळू, जसा अंधाऱ्या खोलीत डोळा सरावतो तसा, फरक उगवायचा… एका पैशाचं भोक मधोमध नाही, एका बाजूला सरकलेलं आहे. एकाच्या कडेचा चंद्रकोरीसारखा तुकडा जन्मापासूनच नाही. एकावरची अक्षरं दोनदा उमटली आहेत, जणू त्या अक्षरांना स्वतःची सावली पडली आहे. एका राणीच्या नाकापासून हनुवटीपर्यंत केसासारखी बारीक उठावाची रेघ… ती नाण्याची नव्हे, ठशाची चीर. हे सारं मला नंतर कळलं. तेव्हा फुईचं शास्त्र सोपं होतं.

“हाऊ देख. भोक मारताना मशीनले नींद उनी व्हई.”

मशीनला झोप आली असेल. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं, तरी इंग्रजी अक्षरांचे आकार तिला गावातल्या माणसांच्या चालीसारखे ओळखू यायचे. आणि असं वेगळं नाणं सापडलं की ती ते बाजूला न टाकता ओंजळीत घेऊन बघायची. “येले खराब म्हनानं नही,” ती सांगायची. “हाऊ येगया शे.”

डबीच्या तळाशी, जांभळ्या चिंधीत बांधलेलं एक नाणं मात्र या खेळात कधी यायचं नाही. मी नऊ-दहा वर्षांचा असताना तिनं ती गाठ माझ्यासमोर सोडली. काळा पडलेला चांदीचा रुपया. एका बाजूला मुकुट घातलेला, दाढीवाला राजा, डावीकडे बघणारा. मी नाणं उलटलं, तर मागे आकडा नाही, साल नाही, वेलबुट्टी नाही… पुन्हा तोच राजा, पण खोलगट, आत दबलेला, ओल्या मातीत कुणी तोंड दाबून उठवावं तसा, आणि उजवीकडे बघणारा. भोवतीची अक्षरंही उलटी, आरशातल्यासारखी.

“एक राजा उठेल शे, एक दबेल शे,” फुई म्हणाली. “हाऊच तो.”

‘तो’ म्हणजे कोणता, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. फुई सतरा वर्षांची असताना तिचं लग्न ठरलं. आमच्याकडे लग्न पक्कं होतं ते नारळ-रुपयानं : मुलीचा बाप मुलाच्या हातावर नारळ आणि त्यावर चांदीचा रुपया ठेवतो, आणि शब्द दिला गेला असं चार माणसं मानतात. चांदीचे रुपये तेव्हाच दुर्मिळ झाले होते. माझ्या आजोबांकडे त्यांच्या आईनं ठेवलेला हा एकच रुपया होता. धुरकट दिव्यापाशी ठेवलेला, वर्षानुवर्षं कुणी नीट न बघितलेला. त्यांनी तो मोठ्या मानानं दिला. मुलाकडचे लोक खापर गावाच्या बाजूचे. त्यांच्यातल्या एका मामानं रुपया उलटून बघितला.

“साल कोठे शे? आकडा कोठे शे? दोन्ही बाजूले राजाच?”

ते रुपया घेऊन गेले, खापरच्या बाजारात एका सराफाला दाखवला, आणि तिसऱ्या दिवशी येऊन आमच्या अंगणात फेकला. “रुपया खोटा शे,” मामा ओरडला. “खोटा रुपया देतस, ते पोरबी तशीच व्हई.”

अंगणात पडलेला तो रुपया उचलायला कुणी वाकलं नाही. फुई घरातून बाहेर आली आणि तिनं स्वतः तो उचलला. पुढे आजोबांनी आणखी दोन ठिकाणी बोलणी केली. दोन्ही गावांत ही गोष्ट त्यांच्या आधी पोहोचली होती. एका वर्षात ती जमना राहिली नाही. ‘खोटा रुपया’ झाली. विहिरीवर, शेताच्या बांधावर, दुसऱ्यांच्या लग्नात, सगळीकडे. नवरीला हळद लावताना तिचा हात कुणी पुढे येऊ दिला नाही. मग ती पहाटेच्या टेम्पोत बसून पथारीवर जायला लागली आणि आयुष्यभर जात राहिली. माझी फी, माझी पुस्तकं, माझ्या पायातल्या पहिल्या चपला त्या पथारीवरून आल्या.

पथारीच्या मालकीण शेठाणीबाई मूळच्या राजस्थानातल्या, गोऱ्यापान, थोड्या कडक, पण मायाळू. दिवाळीच्या आधी लक्ष्मीपूजनातले चांदीचे रुपये घासायला त्या फुईलाच बोलवायच्या, आणि फुई मला बरोबर न्यायची. त्यांच्या अंगणात परातीत चिंचेचं पाणी, बाजूला रांगोळीची भुकटी, मऊ फडकं… आणि फडक्याखाली एकेक राजा, एकेक राणी काळोखातून उजेडात यायची. एकदा शेठाणीबाई आत गेल्या तेव्हा फुईनं कनवटीची चिंधी सोडली आणि आपला काळा रुपया परातीतल्या त्याच राजाच्या एका लखलखीत रुपयाशेजारी ठेवला.

“आते देख. कान देख राजाना.”

मी बघितला. कानाची पाळी तशीच.

“दाढीना केस देख. छातीवर हत्ती देख, केव्हढासा शे तो.”

झग्यावरचा तो तांदळाएवढा हत्तीसुद्धा तसाच होता, सोंड त्याच बाजूला. मग तिनं दोन्ही रुपये फरशीवर एकामागून एक टाकले. दोन्हींचा आवाज एक… स्वच्छ, लांबत जाणारा, देवळातल्या घंटेच्या शेवटासारखा.

“हाऊ खोटा कसा व्हई? खोटा करनारा मानूस आकडा तरी बरोबर टाकी ना. इतली मोठी चूक खराच करी शकस.”

खोटं नाणं करणारा माणूस आकडा तरी बरोबर टाकील. एवढी मोठी चूक फक्त खराच करू शकतो. पुढे मी पुष्कळ शिकलेली माणसं बघितली, पण इतका सरळ युक्तिवाद फार थोड्यांच्या तोंडून ऐकला. मी विचारलं, “मंग तू सांगस काबर नही सगयासले?”

“कोनले सांगू? आयकनार कोन शे?”

आतून शेठाणीबाईंनी विचारलं, “जमना, तुझा रुपया पण घासून टाक ना.” फुई म्हणाली, “नही बाई. तो जसा शे तसा ऱ्हाऊ द्या.”

आता जे लिहितो आहे ते लिहायचं नव्हतं. पण इतरांवर रागावताना स्वतःला वगळणं सोपं असतं, म्हणून लिहितो.

आठवीत मी नंदुरबारच्या शाळेत गेलो. तिथे शुद्ध बोलायचं असे. ‘शे’ म्हटलं की वर्ग हसायचा, सर हसायचे, आणि मी हळूहळू माझ्याच जिभेची लाज बाळगायला शिकलो. एके दिवशी मधल्या सुट्टीत फुई दारात आली. माझा डबा घरी राहिला होता, हे तिला पथारीवर मागून आलेल्या बायकांकडून कळलं होतं. पथारीवरून चालत आलेली, लुगड्यावर, केसांत, भुवयांवर मिरचीची लाल धूळ, हातात भाकरीचं गाठोडं. पोरं शिंकायला लागली. आमच्याच गावचा एक मुलगा ओरडला, “खोटा रुपया उना रे!” सर बाहेर आले. त्यांनी सहज, काही वाईट हेतू न ठेवता, विचारलं, “कोण आहे रे ही बाई तुझी?”

आणि मी अतिशय शुद्ध मराठीत म्हणालो, “कोणी नाही सर. आमच्या गावच्या आहेत.”

फुईनं ऐकलं. ती क्षणभरसुद्धा थांबली नाही. गाठोडं शिपायाच्या हातात देत म्हणाली, “त्याना मायनी धाडेल शे. मी आठून जाई ऱ्हायनतू, म्हनीन आनं.” त्याच्या आईनं पाठवलंय, मी इकडून जात होते म्हणून आणलं. माझं खोटं तिनं पदराखाली झाकलं आणि ती परत उन्हात चालू लागली. संध्याकाळी घरी गेलो तर तिनं एवढंच विचारलं, “भाकर खादी का?”



मी पदवीधर झालो, आमच्या घरातला पहिला. नोकरी नाशिकला, पदकं बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात : शाळांची बक्षिसं, देवस्थानांची पदकं, कुस्त्यांची. दोन पोलादी ठसे, मध्ये पितळेची चकती, वरून दाब. एका दाबात दोन्ही बाजू उमटतात. तयार माल तपासणं हे माझं काम. मला ते कुणी शिकवावं लागलं नाही. मालक म्हणायचे, तुमची नजर उपजत आहे. मी म्हणायचो, नाही, फुईची आहे.

गेल्या वर्षी एका सकाळी माझ्या हातात एक पदक आलं आणि माझे हात थांबले. एका बाजूला देवी, उठावाची. दुसऱ्या बाजूला जिथे देवस्थानचं नाव हवं तिथे पुन्हा देवी… खोलगट, उलटी, आत दबलेली. यंत्रावरचा कारागीर वाकून बघत म्हणाला, “आधीचं पदक ठशालाच चिकटून राहिलं असेल साहेब. पुढची चकती त्याच्यावरच दाबली गेली. होतं कधी कधी. टाका भंगारात, खोट आली.”

होतं कधी कधी. एवढंच! एक नाणं ठशाला चिकटतं, काढणाऱ्याचं लक्ष नसतं, दुसरी चकती त्याच्यावर येऊन पडते, आणि समोरच्या ठशाऐवजी भावाचाच चेहरा तिच्या पाठीवर उमटतो. चूक टांकसाळीच्या माणसाची. चांदी खरी, वजन खरं, ठसा खरा, राजाही खराच. आणि त्या कुणा अनोळखी माणसाच्या पापणी लवण्याएवढ्या दुर्लक्षाची शिक्षा पुढे भोगली कुणी, तर कोरीटच्या एका सतरा वर्षांच्या मुलीनं, साठ वर्षं.

मी गावी जाऊन रुपयाचे फोटो काढले आणि नाशिकच्या एका वृद्ध नाणेसंग्राहकांना दाखवले. त्यांनी भिंग लावलं आणि त्यांचा श्वासच बदलला. असं नाणं अस्सल असतं आणि फार क्वचित मिळतं, ते म्हणाले. कधी घासलेलं नाही ना? देव पावला, घासू नका, लोक घासून वाटोळं करतात. त्यांनी मला स्वतःची कपाटं दाखवली. निळ्या मखमलीवर, काचेखाली, सरकलेली भोकं, तुटक्या कडा, दुहेरी अक्षरं… माझ्या ओसरीवरचं सगळं गोणपाट तिथे राजेशाही थाटात मांडलेलं. मला आनंद व्हायला हवा होता. मला संताप आला. वस्तूत वेगळेपण दिसलं तर हे जग तिला मखमलीवर ठेवतं, आणि ती वस्तू हातात धरणाऱ्या बाईला अंगणात टाकतं. ते म्हणाले, कधी द्यायचा विचार झाला तर आधी मला सांगा. मी म्हणालो, तो द्यायचाच होता साहेब, एकदा दिलाही होता. त्यांना काही कळलं नाही.

मग मी खापरला गेलो. तो सराफ केव्हाच वारला होता. दुकानावर त्याचा मुलगा होता, पासष्टीचा, हसतमुख. मी फक्त दोन राजांच्या रुपयाचं नाव काढलं आणि त्यानं मांडीवर थाप मारली.

“अरे, ती ते मन्हा बापनी लाडकी गोट व्हती! बाप सांगे, मी रुपया वाजाडी देखा, तोली देखा, चोख चांदी. मी म्हनतं, येमा खोट शे. त्या येडासनी आयकं, हाऊ खोटा शे. नि घर जाईसन सोयरीक मोडी टाकी!” तो हसत हसत खोकला. “चहा ली ना, भाऊ.”

खोट आणि खोटा. एका अर्ध्या अक्षराचासुद्धा नाही, एका कान्याचा फरक. खोट म्हणजे उणीव, घडणीतला दोष. ती सोन्यात असते, लाकडात असते, आपणा सगळ्यांत असते. खोटं म्हणजे लबाडी. एवढा फरक त्या सराफाला माहीत होता. लोकांनी चुकीचं ऐकलं हेही त्याला कळलं होतं, लग्न मोडल्याचंही कळलं होतं. तरी खापरहून कोरीटला येऊन दोन वाक्यं बोलण्याऐवजी त्यानं त्याचा विनोद केला आणि गिऱ्हाइकांना चहाबरोबर वाढला. वर्षानुवर्षं! तिकडे लोक हसत होते आणि इकडे ती देठ खुडत होती.

मी चहाला हात लावला नाही. एवढाच काय तो माझा पराक्रम. कुणाशी भांडणार होतो? सराफ गेला, मामा गेला, ज्याच्या हातावर तो रुपया ठेवला होता तो मुलगाही म्हातारा होऊन गेला. रागाला आता पत्ता उरलेला नाही… असं मला वाटत होतं.

गेल्या आठवड्यात कोरीटहून माझ्या मोठ्या भावाचा फोन आला. माझ्या मुलीचं लग्न ठरतं आहे, नारळ-रुपया पुढच्या महिन्यात गावच्या घरीच करायचा आहे. सगळी तयारी सांगून झाल्यावर दादा जरा आवाज खाली आणून म्हणाला, “फुईले पुढे बसाडू, मान देऊ. पन नारयले तिना हात नको लागू देऊ, भाऊ. लोके बोलतस.”

म्हणजे रागाला पत्ता होता. तो आमच्याच घराचा होता.

मी फोन ठेवला. कागद घेतला आणि फुईला पत्र लिहिलं. आधी शुद्ध मराठीत लिहिलं आणि फाडलं, कारण शाळेच्या दारात मी जे बोललो होतो तेही शुद्धच होतं. मग आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या बोलीत पत्र लिहिलं. तिला वाचता येत नाही. कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवावं लागणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून तर पत्र लिहिलं. ते असं :

जमनाफुई, पाय पडस.

हाई चिठ्ठी जो वाची ऱ्हायना, त्याले मन्ही इनंती शे, वट्टावर बशीन मोठा आवाजमा वाच. दादाले बी बलाव.

फुई, तुन्हा रुपया खरा शे. पयला रुपया ठसाले चिकटी ऱ्हायना, त्यानावर दुसरा दाबाई गया, म्हनीन दोन्ही बाजूले राजा. खापरना सराफनी ‘खोट शे’ सांगं व्हतं, लोकेसनी ‘खोटा शे’ करी टाकं. तू हाई सगयं शेठाणीना आंगनमा माले दखाडेल व्हतं. माले समजाले इतलं शिकनं पडनं, तुले नुसता डोया पुरनात.

आते मन्हं काम आईक. मन्ही पोरना नारय-रुपया शे. नारय तू देवाना, आनि त्यावर तोच रुपया ठेवाना, तुन्हा हातवरी. घासू नको. जसा काया शे तसाच आन. पोरना सासरासले मी सगयं सांगेल शे. पोर म्हनस, माले हाऊच रुपया पायजे. कोनी आडवा उना ते त्याले सांगजो, पोरना बापनी सांगेल शे.

एक गोट ऱ्हायनी. शायाना दारमा सरनी ईचारं, हाई बाई कोन शे. मी काय सांगं ते तू आयकं व्हतं. आजलगून तू एक शबद बोलनी नही.

फुई, रुपया खरा व्हता. खोटं मी बोलनू.